खूण नंबर एक

“केतकी, तो फोन खाली ठेव,” मी म्हणालो.

तिनं ठेवला नाही. पलंगाच्या कडेला मांडी घालून बसली होती, दोन्ही अंगठे स्क्रीनवर. सकाळी दहाला बसलेली, आता चार वाजत आले होते. शेजारी ताटलीत पोहे वाळून गेले होते. शेजारच्या आवळेवहिनींनी दुपारी आणून दिलेला डबा ओट्यावर तसाच होता.

“मी काय म्हणतोय?”

“ऐकलं.”

“मग?”

“आई हरवलीय, बाबा,” ती म्हणाली. मान वर केली नाही. “मला तिला घरी आणता येईना.”

शैलजाला जाऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते. मेंदूतली नस फुटली, तीन दिवस सोलापूरच्या दवाखान्यात होती, चौथ्या दिवशी गेली. बारा वर्षांची पोर आता आई हरवली म्हणते, म्हणजे हिला डॉक्टरकडे न्यावं लागणार, आणि त्यासाठी रजा टाकावी लागणार, एवढाच विचार माझ्या डोक्यात आला. घाबरलो वगैरे अजिबात नाही. त्या दिवसांत मला काही वाटतच नव्हतं. भूक लागली की जेवायचो, दिवे गेले की बसून राहायचो.

“कुठली आई?” मी विचारलं.

तिनं फोन माझ्याकडे वळवला. फोन शैलजाचाच. स्क्रीनवर हिरवा माळ होता, सगळा चौकोनी ठोकळ्यांचा. झाडं चौकोनी, ढग चौकोनी, लांब उभी असलेली गायसुद्धा चौकोनी. उजव्या कोपऱ्यात खालून एक हात तेवढा आत आलेला दिसत होता.

“हा आईचा हात,” केतकी म्हणाली. “गेम तिच्या नावावर आहे. चालवते मी, पण आत असते आईच.”

दुपारी जेवणं झाली की मायलेकी फोन घेऊन काहीतरी करत बसतात, हे मला माहीत होतं. काय करतात ते कधी विचारलं नव्हतं. मी मोजणीखात्यातला माणूस, भूकरमापक. आठवड्यातले चार दिवस बांधांवरून फिरण्यात जायचे. लोकांच्या हद्दी कायम करून द्यायच्या, दगड रोवायचे, दोन भावांच्या शिव्या खायच्या आणि संध्याकाळी भाड्याच्या घरात परत यायचं. “अख्ख्या तालुक्याला हद्दी दाखवतात आणि यांच्या नावावर कुंडीएवढी जागा नाही,” असं शैलजा येणाऱ्याजाणाऱ्याला हसून सांगायची. मीही हसायचो.

केतकीनं मग सगळं सांगितलं. पाच आठवड्यांत ती माझ्याशी इतकी कधी बोलली नव्हती. या गेममध्ये माणसाला एका मोकळ्या मुलखात आणून सोडतात. नकाशा नाही, रस्ता नाही. लाकूड तोडायचं, दगड फोडायचा आणि हवं ते बांधायचं. आईनं घर बांधलं होतं. मोठं, आठ महिने खपून. अंगणात निळी फुलं लावायची राहिली होती.

“तुम्ही आईला दवाखान्यात नेलंत तेव्हा मी तिथल्या बाकावर बसून फुलं शोधायला निघाले,” ती म्हणाली. “ती उठली की दाखवायची म्हणून. खूप लांब गेले. तिथं रात्र झाली. रात्री राक्षस निघतात त्यात, म्हणून तिथंच एक पलंग करून झोपले. झोपायला नको होतं.”

“का?”

“ज्या पलंगावर शेवटचं झोपलो तेच घर धरतं ते. आता आई मेली की...” ती थांबली. “गेममध्ये मेली की, त्या माळावरच्या पलंगावरच उठते. घरी नाही. पाच आठवडे शोधतेय मी. चारी बाजूंना जाऊन आले.”

त्याच बाकावर, ती निळी फुलं शोधत असताना, मी तिच्यासमोर उभा राहून तिला सांगितलं होतं. तेव्हा फोन तिच्या हातातून फरशीवर पडला. तेव्हापासून त्याचा टच मधेच मरायचा. बॅटरी फुगून पाठ वर आली होती. स्टँडजवळच्या मोबाईलवाल्याला मी दाखवला होता. तो म्हणाला, “काका, आठ दिवस चालेल नाहीतर आत्ता बंद पडेल. फोटो उतरवून देतो. गेम काही यातून निघायचा नाही.” मी फोटो उतरवून घेतले होते आणि बघितले मात्र नव्हते.

म्हणजे फोन चालू आहे तोवर घर सापडायला हवं होतं. मला तरीही काही वाटलं नाही, हे खरंच सांगतो. पण जागा सापडत नाही म्हटल्यावर माझं डोकं सवयीनं चालू झालं.

“उत्तर कुठंय?” मी विचारलं. “होकायंत्र असतं का त्यात?”

“आहे. पण ते उत्तर दाखवत नाही.”

“होकायंत्र उत्तर दाखवत नाही?”

“नाही. गेम सुरू झाला तेव्हा पहिल्यांदा जिथं उतरलो ना, ती जागा दाखवतं. घर नाही दाखवत. म्हणून काही उपयोग नाही त्याचा.”

“कितीही लांब गेलं तरी तीच जागा?”

“हो.”

“ती हलत नाही?”

“कशाला हलेल?”

मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलो. मोजणीत निम्मं भांडण याच गोष्टीचं असतं. शेत कुणाचं, बांध कुणी कोरला, हे सगळं नंतर. आधी न हललेली एक जुनी खूण लागते. ती सापडली की बाकी सगळं तिच्यापासून मोजून काढता येतं. लोक खुणेचे दगड उपटून विहिरीत टाकतात ते उगीच नाही.

“घर राहू दे,” मी म्हणालो. “त्या पहिल्या जागेवर चल.”

दोन तास लागले. मधे दोनदा टच मेला. मग फोन फरशीवर ठेवून पंख्याखाली थंड होऊ द्यायचा आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसायचो. त्यातला दिवस दहा मिनिटांचा. रात्र झाली की केतकी जमिनीत खड्डा करून आईला त्यात बसवायची, वरून माती लावून घ्यायची. उजाडलं की पुन्हा चालणं. मी डबा उघडला आणि तिला घास भरवत गेलो, कारण तिचे हात अडकलेले होते. तिनं अडीच पोळ्या खाल्ल्या.

होकायंत्राचा काटा एका जागी येऊन गरगरायला लागला. समोर समुद्र, वाळू आणि वाळूत दगडाचे तीन ठोकळे एकावर एक रचलेले. दगडाला लाकडी पाटी होती. केतकी जवळ गेली. पाटीवर लिहिलं होतं, “खूण नं. १”.

“हे मी कधी बघितलंच नाही,” केतकी म्हणाली. “मी शाळेत असताना लावलं असणार तिनं.”

मी मात्र तसले शेकडो दगड बघितले होते. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. बांधावर उन्हात बसून केलेलं टिपण, म्हणजे जमिनीचं ते कच्चं रेखाटन, मी घरी आणायचो आणि शैलजा रात्रीची भांडी झाली की त्याची स्वच्छ नक्कल करून द्यायची. मधली रेघ, तिच्या डाव्या-उजव्या अंगाला अंतरं, खुणांचे नंबर, कडेला लगतधारकांची, म्हणजे शेजारच्या जमीनवाल्यांची, नावं. सतरा वर्षं केलं तिनं ते. ऑफिसात माझ्या टिपणांची तारीफ व्हायची आणि मी ती निमूट घ्यायचो.

“टिपण असणार,” मी म्हणालो.

“काय?”

“तुझी आई खूण नंबर एक लिहील आणि टिपण काढणार नाही, हे होणं नाही. कुठेतरी कागद आहे.”

आम्ही घर उलथंपालथं केलं. कपाट, गादीखाली, तिची शिवणाची पेटी, डाळींच्या डब्यांमागे. शैलजाच्या वस्तूंना मी पाच आठवड्यांत पहिल्यांदा हात लावत होतो. ब्लाउजपीस, सुया, अर्धं विणलेलं तोरण. एखाद्याच्या शेतातली वस्तू हलवावी तसं मी ते उचलून बाजूला ठेवत होतो. कागद मिळाला नाही.

केतकी मटकन खाली बसली. “तिनं तुमच्या पिशवीत ठेवला असेल,” ती म्हणाली. “तुमचे कागद ती तिथंच ठेवायची ना?”

तेव्हा मला आठवलं.

दिवसकार्य आटोपून कामावर गेलो त्या दिवशी पिशवीच्या पुढच्या कप्प्यात एक टिपण होतं. तिच्या अक्षरातलं, घडी घातलेलं. ती नक्कल करून ठेवायची त्याच कप्प्यात. मी ते उघडलं, अंतरांची बेरीज तपासली, बरोबर होती. खाली मोजणीदाराच्या जागी “तपासले” लिहून सही ठोकली आणि पुढ्यात असलेल्या एका हद्दीच्या प्रकरणाला लावून दिलं. वाचलं नाही. त्या दिवसांत पुढ्यात येईल त्यावर मी सही करत होतो. दवाखान्याच्या कागदांवर केली, स्मशानातल्या रजिस्टरवर केली, तशीच तिथं केली.

सोमवारी दहाच्या ठोक्याला मी रेकॉर्ड रूमच्या दारात उभा होतो. रेकॉर्ड सांभाळायला काझी म्हणून होते. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे, तोंडात कायम बडीशेप.

“काझीसाहेब, एक फाईल बघायची होती. मागच्या महिन्यात मी पुढे पाठवलेली.”

“गेली ती वर,” ते म्हणाले. “साहेबांची सही होऊन निकाल पण लागला.”

मी तिथल्या स्टुलावर बसलो. केतकीला आता काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं. शाळेतून आल्या आल्या ती विचारणार होती.

काझींनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग टेबलाचा खण ओढला, एक घडी केलेला कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

“फाईल गेली. हे मी काढून घेतलं होतं,” ते म्हणाले. “सुरवसे साहेब, माझी तीस वर्षं झाली या खात्यात. मेंढ्या लगतधारक असलेलं टिपण मी पहिल्यांदा बघितलं.”

“मला सांगितलं नाहीत?”

“कसं सांगणार? अक्षर वहिनींचं. खाली सही तुमची. मी म्हटलं, राहू दे. त्यांना लागेल तेव्हा येतील मागायला.”

मी त्यांना धड थँक्यूही म्हणालो नाही. कागद शर्टाच्या खिशात घातला आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आलो. केतकी शाळेला गेलीच नव्हती. दप्तर पाठीला लावून दारातच बसली होती.

टेबलावर कागद पसरला आणि आम्ही दोघांनी तो वाचला. मी पहिल्यांदाच.

सगळ्यात वर लिहिलं होतं, “मौजे: नाव अजून ठरलेले नाही.” त्याखाली, “गट नंबर १. धारक: केतकी.” मग लगतधारक. “पूर्वेस डोंगर. दक्षिणेस नदी. उत्तरेस मेंढ्या, मालक नाही. पश्चिमेस माहीत नाही, अजून गेले नाही.” आणि मधे नेहमीची सरळ रेघ, खूण नंबर एकपासून निघालेली. सूर्य उगवतो त्या अंगाला चारशे दहा ठोकळे, तिथं खूण नंबर दोन. डावीकडे काटकोनात वळून दोनशे पासष्ट, खूण तीन, नदीवर पूल. पुलापासून सरळ एकशे ऐंशी. तिथं चौकोन, त्याच्या चारी कोपऱ्यांत दगड.

“बाबा,” केतकी खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, “सही तुमची आहे.”

“हो.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“नाही. मी न बघताच केली.”

तिनं फोन चालू केला.

उगवतीला तोंड करून ती चालायला लागली आणि मी मोठ्यानं मोजायला लागलो. दर पन्नास ठोकळ्यांना ती एक मशाल रोवायची आणि मी कागदावर पेन्सिलीनं रेघ मारायचो. बांधावर असताना माझ्या हाताखालचा माणूस जसा आकडा ओरडतो तसं ती ओरडायची, “शंभर! दीडशे!” चारशे दहाला दगड होता. पाटी होती. खूण नंबर दोन. एका ठोकळ्याचाही फरक नाही.

“बरोबर आहे!” केतकी म्हणाली आणि माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसली.

पुलापाशी पोचेपर्यंत त्यातली संध्याकाळ झाली. आकाश तांबडं व्हायला लागलं आणि नेमका टच मेला. आई पुलाच्या मधोमध उभी. हात कोपऱ्यात दिसतोय, पण हलत नाही. मागच्या काठावर काहीतरी काळं उभं राहिलं होतं आणि आमच्या दिशेनं येत होतं.

“मेली तर परत त्या माळावर,” केतकी कुजबुजली. “परत पहिल्यापासून.”

“पहिल्यापासून करू. कागद आहे आता.”

“फोन तेवढा टिकणार नाही, बाबा.”

मी फोन तिच्या हातातून घेतला, शर्टाच्या टोकानं पुसला, पाठीवर फुंकर मारली. शहाण्या माणसानं करू नये असं सगळं केलं. तळहातावर गरम लागत होता. ते काळं पुलावर चढलं. केतकीनं बोट ठेवलं, काही नाही. पुन्हा ठेवलं. तिसऱ्यांदा आई पुढे सरकली आणि केतकी तिला पळवत सुटली. मी मोजत होतो, ओरडत होतो, “साठ, सत्तर, उजवीकडे जाऊ नकोस, सरळ, सरळ धर!” आवळेवहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि काय चाललंय ते न कळून तशाच परत गेल्या.

एकशे ऐंशीला दगड आला. त्यामागे कुंपण, कुंपणात फाटक.

“घर,” केतकी म्हणाली.

फाटक लावून घेऊन ती आत गेली. लांबट, बैठं घर होतं. पुढं ओटा, ओट्यापुढे तुळशीचं वृंदावन करायचा प्रयत्न केलेला, तो चौकोनीच झालेला. दाराशी पाटी होती, “चपला बाहेर काढणे.” मला हसू आलं. पाच आठवड्यांत आलं नव्हतं, ते भलत्याच वेळी आलं.

“आधी फुलं लावते,” केतकी म्हणाली. अंगणाच्या कडेनं तिनं निळी फुलं लावली. अकरा होती. लांब कुठूनतरी आणलेली, इतके दिवस आईच्या पिशवीत राहिलेली. तोवर पुरता अंधार पडला. ती आत गेली आणि मशाल लावली.

आतल्या खोलीत तीन पलंग होते, शेजारी शेजारी. प्रत्येकाच्या डोक्याशी भिंतीवर पाटी. पहिलीवर “केतकी”. दुसरीवर “मी”.

तिसरीवर लिहिलं होतं, “अहो”.

तिनं मला सतरा वर्षांत नावानं कधी हाक मारली नाही. स्वयंपाकघरातून, मोरीतून, बाजारातल्या गर्दीतून, एवढंच. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी डोळे न उघडता एकदा तेवढंच म्हणाली होती आणि मी खाली औषधं आणायला गेलो होतो. नर्सनं मला सांगितलं.

“आईला कुठं झोपवायचं?” मी विचारलं. “तिच्या पलंगावर?”

“ती कधीच तिच्या पलंगावर झोपायची नाही,” केतकी म्हणाली. “रोज तुमच्याच. मी म्हणायचे, तुझा आहे ना, मग? तर म्हणायची, ते गावोगाव फिरतात. त्यांचं अंथरूण गार पडायला नको.”

तिनं आईला तिसऱ्या पलंगापाशी नेलं आणि बोट टेकवलं. स्क्रीन हळूहळू काळी झाली. काही क्षणांनी पुन्हा उजाडलं. खिडकीतून ऊन आत आलं होतं, वर तीच पाटी होती आणि आई घरात होती.

मी रडायला लागलो. स्मशानात रडलो नव्हतो, दहाव्याला नाही, तिची शिवणाची पेटी उघडली तेव्हाही नाही. तिथं, त्या खुर्चीवर, पेन्सील हातात धरून मोठ्यानं रडलो.

“बाबा, स्क्रीनवर नको,” केतकी म्हणाली. “पाणी पडलं की टच जातो.”

तिनं फोन माझ्याखालून ओढून घेतला, आपल्या ओढणीनं काळजीपूर्वक पुसला आणि टिपणाच्या कागदावर पालथा ठेवला. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तीही रडायला लागली.

फोन त्यानंतर नऊ दिवस चालला.